जनस्थान पुरस्कार

मराठी साहित्यातील एकूण योगदानासाठी नाशिकचे कुसुमाग्रज प्रतिष्ठान एक वर्षाआड देत असलेला पुरस्कार. नाशिक परिसराच्या ‘जनस्थान’ या प्राचीन नावावरून त्याला हे नाव मिळाले. ज्ञानपीठविजेते कवी वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज (१९१२–१९९९) यांनी प्रतिष्ठानची स्थापना केली. १९९१ चा पहिला पुरस्कार नाटककार विजय तेंडुलकर यांना मिळाला.

स्वरूप व सोहळा : एक लाख रुपये, सन्मानपत्र आणि ब्राँझची सूर्यमूर्ती असे पुरस्काराचे स्वरूप आहे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, हा वितरणाचा दिवस. तोच मराठी भाषा गौरव दिन म्हणूनही साजरा होतो. कालिदास कलामंदिर हे या सोहळ्याचे परिचित स्थळ.

मानकरी : विंदा करंदीकर (१९९३), इंदिरा संत (१९९५), नारायण सुर्वे (२००५), ना. धों. महानोर (२००९), आशा बगे (२०२३), सतीश आळेकर (२०२५) इत्यादी. २००७ चे मानकरी बाबूराव बागूल हे नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यामुळे तो सन्मान घरचाच ठरला.

प्रतिष्ठानचा ‘गोदावरी गौरव’ हा पुरस्कार विज्ञान, संगीत-नृत्य, लोकसेवा अशा साहित्याबाहेरील क्षेत्रांचीही दखल घेतो.