काट्यावरचे किलो आणि पौंड

गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. नारळ फुटतो, फोटो निघतात, पाहुणे चहाला वळतात. बॉयलर अटेंडंटची नजर मात्र दाबाच्या काट्यावर असते. अनेक तबकड्यांवर आकड्यांची दोन कडी छापलेली असतात, एक किलोचं आणि एक पौंडाचं.

यातला पौंड आधी आला, तोही अगदी शब्दशः. जुन्या बॉयलरच्या सुरक्षा झडपेवर एक आडवी दांडी असे आणि तिच्या टोकाला वजन टांगलेलं असे. वाफेनं ते वजन उचललं की झडप उघडून वाफ सुटे. झडपेच्या दर चौरस इंचावर किती पौंडांचा भार, तोच बॉयलरचा दाब. जास्त जोर हवा म्हणून दांडीवर चोरून वजन वाढवणारे महाभागही होतेच.

1849 मध्ये पॅरिसच्या यूजेन बोर्दाँ यांनी दाबमापकाचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती साधी आहे. चपटी, अर्धवर्तुळाकार वाकवलेली धातूची नळी. आत दाब चढला की ती सरळ होऊ बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. नळीला एककाशी काही देणंघेणं नसतं. पौंड की किलो, हे ठरवतो तबकडी छापणारा.

मुंबईत 1853 मध्ये आगगाडी धावली, पाठोपाठ कापड गिरण्या आल्या. इंजिनं विलायती, त्यामुळे तबकड्याही पौंडाच्या. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या नियमांचा गुंता सोडवायला 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला. पाच गॅलनांपेक्षा मोठं वाफेचं भांडं त्याच्या कक्षेत येई.

मग 1956 चा वजनमापांचा कायदा आला. शेर, मण, गॅलन हळूहळू मागे पडले. बॉयलर कायद्यातल्या पाच गॅलनांचे 22.75 लिटर झाले. हा विचित्र अपूर्णांक म्हणजे निव्वळ रूपांतराचा अवशेष. दाबासाठी ‘किलो प्रति चौरस सेंटिमीटर’ रूढ झालं. कारखान्याच्या बोलीत ते नुसतं ‘केजी’.

एक केजी म्हणजे दर चौरस इंचाला 14.22 पौंड. ‘बार’ हे दाबाचं आणखी एक एकक; एक बार म्हणजे 14.50 आणि समुद्रसपाटीवरचा प्रमाण वातावरणीय दाब 14.70 पौंड. तिन्ही इतके जवळ की लहान आकड्यांत कुणी फारशी फिकीर करत नाही. पण सहवीजनिर्मितीचा 67 केजीचा बॉयलर घ्या. त्याचे 953 पौंड होतात. हिशेब 14 नं उरकला तर 938 येतात आणि केजीला बार समजलं तर 972. दोन आकड्यांत 34 पौंडांची तफावत! सोपा गुणाकार इथे महागात पडू शकतो.

खरं तर दाबाचं एकक म्हणून 1971 मध्येच ‘पास्कल’ या नावावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं. एक पौंड प्रति चौरस इंच म्हणजे 6,895 पास्कल. एवढ्याशा दाबाला एवढा मोठा आकडा! कामगाराच्या तोंडी तो बसला नाही, यात नवल नाही. पंक्चरवाल्याकडे आजही ‘बत्तीस हवा’ भरली जाते. हे बत्तीस पौंडच. केजीत सव्वादोन, किलोपास्कलमध्ये सुमारे 220.

कायदा करणाऱ्यांनाही पास्कल फारसा जवळचा वाटला नसावा. 2007 मध्ये बॉयलरची व्याख्या बदलली, तेव्हा 22.75 लिटरची मर्यादा 25 वर नेली गेली. दाबाची मर्यादा मात्र ‘एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर’ अशीच लिहिली गेली.