क्लॉकिंग ब्लॉकच्या आउटपुटची कुळकथा

क्लॉकिंग ब्लॉक ही सिस्टिमव्हेरिलॉगमधली रचना टेस्टबेंचचे सिग्नल एका क्लॉकला बांधते. ब्लॉकच्या इनपुटवर सिग्नल कोणत्या क्षणी वाचायचा हे ठरते आणि आउटपुटवर मूल्य कधी लावायचे हे ठरते.

तिची गरज सिस्टिमव्हेरिलॉगच्या आधीच्या व्हेरिलॉगने निर्माण केली. या भाषेत एकाच क्षणी घडणाऱ्या सक्रिय घटनांचा क्रम बराचसा सिम्युलेटरवर सोडलेला होता. क्लॉकच्या चढत्या कडेवर डिझाइन सिग्नल वाचत असतानाच टेस्टबेंचने तो बदलला, तर डिझाइनला जुने मूल्य मिळेल की नवे, याची खात्री नसे. ही रेस टाळायला अभियंते कडेनंतर हाताने एक एककाचा विलंब लिहीत.

१९९० च्या दशकात आलेल्या वेरा या पडताळणीच्या भाषेने ही वेळ सिग्नलच्या घोषणेतच नोंदवली. तिच्या इंटरफेसमध्ये ‘पीसॅम्पल’ म्हणजे चढत्या कडेवर वाचणे आणि ‘पीहोल्ड’ म्हणजे चढत्या कडेवर मूल्य लावून पुढचे येईपर्यंत ते धरून ठेवणे. पुढे वेरा सिनॉप्सिस या कंपनीकडे गेली आणि तिच्यातल्या कल्पना अ‍ॅक्सेलेरा या मानक संस्थेच्या सिस्टिमव्हेरिलॉग ३.१ मध्ये (२००३) उतरल्या. २००५ मध्ये आयईईई १८०० हे मानक प्रसिद्ध झाले, त्यात क्लॉकिंग ब्लॉकही होता.

आउटपुटला मूल्य देताना नॉनब्लॉकिंग चिन्हच वापरावे लागते. विधान क्लॉकच्या घटनेवर चालले, तर ठरलेल्या स्क्यूइतक्या, म्हणजे कडेपासूनच्या ठरावीक अंतराइतक्या, विलंबाने मूल्य लागते. स्क्यू सांगितला नसेल, तर तो शून्य असतो. तेव्हाही डिझाइनने त्या कडेवरचे जुने मूल्य वाचून झाल्यावरच नवे लागते. विधान दोन कडांच्या मधे चालले, तर ते पुढच्या कडेवर चालले असे धरले जाते. लावलेले मूल्य पुढचे मूल्य येईपर्यंत टिकते. दर कडेला ते पुन्हा द्यावे लागत नाही. आउटपुटचे नाव वापरून मूल्य परत वाचता मात्र येत नाही.

सिग्नल व्हेरिएबल असेल, तर ही साधी नेमणूक ठरते. तो नेट, म्हणजे ड्रायव्हरांनी चालवलेली तार असेल, तर क्लॉकिंग ब्लॉक त्यावर स्वतःचा ड्रायव्हर ठेवतो. पहिले मूल्य मिळेपर्यंत हा ड्रायव्हर ‘झेड’ (काहीही न लावण्याच्या) अवस्थेत असतो, त्यामुळे इतर ड्रायव्हरांशी त्याची झुंज होत नाही. सामायिक बस सोडायची असेल, तर ‘झेड’ हेच मूल्य लावावे लागते. नाहीतर जुने मूल्य बसवर तसेच राहते.

एकाच क्षणी एका आउटपुटला दोन वेगळी मूल्ये मिळाली तर काय करायचे, याचा नियम पुढे बदलला. सुरुवातीच्या नियमानुसार ती चूक नोंदवली जाई आणि वादग्रस्त बिट ‘एक्स’ (अज्ञात) होई. २००९ च्या आवृत्तीपासून शेवटी दिलेले मूल्यच लागते.