शरदातील पथ्याची कुळकथा

तिखट कमी करावे, आंबट वाढवावे आणि नासपती, तीळ यांसारख्या ओलावा देणाऱ्या पदार्थांनी फुप्फुसे जपावीत, हे चिनी वैद्यकातील शरद ऋतूचे पथ्य दोन हजार वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या ग्रंथांवरून मात्र त्याला दुजोरा मिळत नाही. राज्यकारभारातील अधिकारपदांचे वर्णन करणाऱ्या ‘चौ ली’ या प्राचीन ग्रंथात वैद्यांचे चार वर्ग सांगितले असून त्यांत पहिला मान आहारवैद्याचा आहे, आणि राजाच्या भोजनात शरदात तिखट रस अधिक असावा, असा तेथील नियम आहे. (मिरची चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या सुमारास आली; तेव्हा हे तिखट आले, कांद्याची पात अशा पदार्थांचे समजावे.)

हान काळात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत, संकलित झालेला ‘हुआंगदी नेइचिंग’ हा या वैद्यकाचा आधारग्रंथ. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच अवस्थांच्या चौकटीत त्याने ऋतू, अवयव आणि रस यांची सांगड घातली, तेव्हा शरद धातूकडे गेला आणि त्याच्याबरोबर फुप्फुस व तिखट रसही. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमिआओ यांनी हीच चौकट मान्य करून नेमका उलटा निष्कर्ष काढला: शरदात धातू आधीच प्रबळ असतो आणि तो लाकडाला, म्हणजे यकृताला, दाबतो, मग ज्याची सरशी आहे त्यालाच आणखी बळ देण्यापेक्षा तिखट कमी करून यकृताचा जो रस, म्हणजे आंबट, तो वाढवणे हिताचे. एकाच कोष्टकातून परस्परविरुद्ध पथ्ये निघू शकतात, हे या चौकटीचे बळही आहे आणि दुबळेपणाही.

कोरडेपणाचा मुद्दा आणखी गुंतागुंतीचा आहे. ‘नेइचिंग’ एके ठिकाणी पश्चिमेचा, म्हणजे शरदाच्या दिशेचा, संबंध कोरडेपणाशी जोडतो, पण दुसरीकडे शरदात दमटपणा बाधून खोकला होतो असे म्हणतो. युआन राजवटीच्या दरबारातील आहारवैद्य हू सीहुई यांनी 1330 मध्ये सादर केलेल्या ‘यिनशान चंगयाओ’ या ग्रंथात, शरदाची हवा कोरडी असल्यामुळे स्निग्ध बिया खाव्यात, असे सांगितले. उत्तर चीनमध्ये पावसाळी वारे ओसरल्यावर हवा खरोखरच कोरडी पडते, त्यामुळे हा सल्ला अनुभवाला धरून होता. तरीही मूळ वचनावर बोट ठेवण्याचे धाडस सतराव्या शतकात वैद्य यू छांग यांनी केले. 1658 मधील आपल्या ग्रंथात ‘दमट’ या जागी ‘कोरडा’ असेच हवे असा युक्तिवाद करून त्यांनी ‘शरदाचा कोरडेपणा’ हा स्वतंत्र विकार मांडला, आणि त्यावरच्या त्यांच्या काढ्यात तुतीची पाने व जर्दाळूच्या बियांबरोबर तीळही आहेत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस वैद्य वू च्युथोंग यांनी याच विकारावरच्या काढ्यात नासपतीची साल घातली.

याच पथ्यासाठी नासपती आणि खडीसाखरेबरोबर आज घरोघरी शिजणारी पांढरी बुरशी, ‘यिन अर’, पूर्वी जंगलातून मोठ्या कष्टाने गोळा करावी लागे आणि श्रीमंतांनाच परवडे. सर्वसामान्यांच्या स्वयंपाकघरात ती आली विसाव्या शतकात, तिची लागवड साधल्यानंतर.