सीपॅप लावूनही झोप पूर्ण का होत नाही? रात्री पाय झटकण्यामागे काय असू शकतं?

रात्रभर मास्क लावून झोपायचं. सकाळी मशीनच्या अ‍ॅपवर बघायचं, तर श्वास अडकण्याचं प्रमाण अगदी कमी. तरीही दुपारी ऑफिसमध्ये डोळे मिटायला लागतात. सिग्नलला गाडी थांबली की डुलकी येते. आणि घरचे सांगतात, "घोरणं थांबलं, पण रात्रभर पाय झाडत असता."

स्लीप अ‍ॅप्नियावर उपचार घेणाऱ्या काही जणांची ही तक्रार असते. अनेकदा त्यावर 'रिपोर्ट तर चांगला आहे' एवढंच उत्तर मिळतं. मग माणूस वयाला, कामाच्या ताणाला किंवा स्वतःलाच दोष देत बसतो. काही जण कंटाळून मशीन कपाटात ठेवून देतात.

पण सीपॅप मशीन श्वास मोजतं, झोप मोजत नाही. त्यामुळे अ‍ॅपवरचा चांगला आकडा म्हणजे चांगली झोप असं समजता येत नाही.

सीपॅप नेमकं काय करतं?

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियामध्ये झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट पूर्ण किंवा अर्धवट बंद होते. प्रत्येक वेळी मेंदू काही क्षण जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमधले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर उपाय मांडला. मास्कमधून हवेचा सौम्य दाब सतत देत राहिलं, तर घसा उघडा राहतो. तोच सीपॅप.

आजार किती तीव्र आहे हे एएचआय या आकड्यावरून ठरतं. झोपेच्या दर तासात किमान १० सेकंदांसाठी श्वास किती वेळा थांबला किंवा कमी झाला, याची ही सरासरी असते. प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी म्हणजे सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

आकडा चांगला, मग झोप वाईट का?

घरातलं मशीन हवेच्या प्रवाहावरून एएचआयचा अंदाज बांधतं. त्याला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत आणि पायांची हालचालही कळत नाही. तुम्ही मास्क लावून दोन तास छताकडे बघत पडलात, तरी मशीनच्या हिशेबात ते वापराचेच तास असतात. पायाच्या झटक्यामुळे मेंदू तासाला वीस वेळा अर्धवट जागा झाला आणि श्वास मात्र नीट चालू राहिला, तर अ‍ॅपवर त्याची नोंद होणार नाही.

आधी काय तपासायचं?

पायांकडे वळण्याआधी उपचार पूर्ण होतोय का, हे बघावं लागतं.

• मास्क किती वाजता निघतो? रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि अनेकांचा अ‍ॅप्निया नेमका तेव्हाच वाढतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवला, तर त्रासाचा मोठा वेळ उपचाराविना जातो.

• हवा गळते का? जुना कुशन, चुकीच्या मापाचा मास्क, दाढी किंवा उघडं तोंड यामुळे गळती होते. गळती जास्त असेल तर मशीनचे आकडेही विश्वासार्ह राहत नाहीत.

• सेंट्रल अ‍ॅप्निया दिसतो का? काही रुग्णांमध्ये सीपॅप सुरू केल्यावर मेंदूकडून श्वासाचा संदेशच मधूनमधून थांबतो. अनेकांमध्ये हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतं, पण डॉक्टरांनी त्यावर लक्ष ठेवणं गरजेचं असतं.

• झोपेला वेळ किती देता? प्रौढांना साधारण सात तास किंवा त्याहून जास्त झोप लागते. पाच तासच झोपत असाल, तर ती कमतरता कोणतंही मशीन भरून काढणार नाही.

अ‍ॅप्नियासोबत निद्रानाशही असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

पाय झटकण्याचे सगळे प्रकार एकच असतात का?

नाही. झोप लागता लागता 'पायरी चुकल्यासारखा' येणारा एखादा झटका बहुतेकांना येतो. तो आजार नाही. पोटरीत गोळा येणं हाही वेगळा प्रकार आहे. त्यात स्नायू कडक होतो आणि दुखतो. तपासणीत प्रामुख्याने पुढचे तीन प्रकार बघितले जातात.

१. ठरावीक अंतराने येणारे झटके. पायाचा अंगठा वर वळतो, घोटा आणि कधी गुडघा दुमडतो. एक हालचाल अर्धा ते १० सेकंद टिकते आणि ५ ते ९० सेकंदांच्या अंतराने पुन्हा होते. अशा किमान चार हालचाली ओळीने झाल्या तरच ती मालिका धरली जाते. झोपलेल्या माणसाला याचा पत्ता नसतो. शेजारी झोपणाऱ्यालाच तो असतो. प्रौढांमध्ये तासाला १५ पेक्षा जास्त झटके, सोबत झोपेची किंवा दिवसाची तक्रार आणि दुसरं कोणतंही कारण नाही, असं असेल तर त्याला आजार मानलं जातं. वय वाढलेल्या अनेकांना असे झटके येतात आणि तरीही त्यांची झोप छान असते. म्हणून अहवालात झटके दिसले की थकव्याचं कारण सापडलं, असं लगेच म्हणता येत नाही.

२. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. हा त्रास जागेपणी होतो. संध्याकाळी किंवा रात्री स्वस्थ बसलं वा आडवं झालं की पायांत मुंग्या, ओढ किंवा काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. चाललं की बरं वाटतं. स्वीडनचे डॉ. कार्ल-एक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. हा आजार असलेल्या बहुतेकांना झोपेतही वरच्या प्रकारचे झटके येतात. यासाठी मशीनची तपासणी लागत नाही. डॉक्टरांनी नीट प्रश्न विचारले की निदान होतं.

३. स्वप्नाप्रमाणे हातपाय चालवणं. रेम झोपेत शरीराचे स्नायू जवळपास निपचित असतात. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करू लागतो. ओरडतो, ठोसे मारतो, पलंगावरून पडतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या डॉक्टरांनी याची वेगळा आजार म्हणून नोंद केली. उतारवयात सुरू झालेला हा त्रास काही जणांमध्ये पुढे होणाऱ्या पार्किन्सन्ससारख्या आजाराची आधीची खूण असू शकतो, म्हणून न्यूरोलॉजिस्टला दाखवायला हवं. मात्र उपचार न झालेला तीव्र अ‍ॅप्नियाही अगदी असाच दिसू शकतो. त्यामुळे व्हिडिओसह झोपेची तपासणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

लोहाचा इथे काय संबंध?

मेंदूतलं लोह कमी असणं हे रेस्टलेस लेग्जचं एक मोठं कारण मानलं जातं. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. साठा समजतो तो फेरिटिन या रक्त तपासणीतून.

अनेक लॅबच्या अहवालात फेरिटिन २५ किंवा ३० असलं तरी ते 'नॉर्मल' रकान्यात बसतं. पण रेस्टलेस लेग्ज असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना वेगळी रेषा आखतात. फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, असं त्या सांगतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून दोन्ही तपासण्या सोबत करतात.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचं एक प्रमुख कारण आहे. जेवणासोबत चहा घेतल्यानेही लोह कमी शोषलं जातं. तरीही लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत, कारण शरीरात जास्तीचं लोह साचणंही घातक असतं.

चालू असलेल्या गोळ्यांमुळे पाय झटकू शकतात का?

हो. नैराश्यावरची अनेक औषधं, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची काही औषधं आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांमुळे पायांचा त्रास सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. किडनीचा आजार आणि गरोदरपणातही तो वाढतो. पण नैराश्याची गोळी परस्पर बंद करणं जास्त धोक्याचं आहे. पर्याय डॉक्टरच सुचवतील.

रेस्टलेस लेग्जवर पूर्वी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं सर्रास दिली जायची. वर उल्लेख केलेल्या २०२५ च्या सूचनांमध्ये त्यांचा नेहमीचा वापर टाळायला सांगितलं आहे, कारण दीर्घकाळ घेतल्यावर त्रास उलट वाढू शकतो.

कोणती तपासणी मागावी?

घरी होणाऱ्या साध्या स्लीप टेस्टमध्ये श्वास, ऑक्सिजन आणि नाडी मोजली जाते. मेंदूच्या लहरी आणि पायाचे स्नायू सहसा मोजले जात नाहीत. अनेकांचं अ‍ॅप्नियाचं निदान याच चाचणीवर झालेलं असतं, त्यामुळे पायांचा प्रश्न तिथे दिसलेलाच नसतो.

त्रास टिकून असेल तर लॅबमध्ये रात्रभर होणारी पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ती सीपॅप लावून करता येईल का, हेही विचारा. श्वास अडकल्यानंतर शरीर दचकून हलतं, त्या हालचाली वेगळ्या धरल्या जातात. श्वास सुरळीत असताना पाय हलतात का, हे मास्क लावून केलेल्या तपासणीत स्पष्ट दिसतं.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावं?

• मशीनचा किमान महिनाभराचा डेटा: तास, गळती, एएचआय
• दोन आठवड्यांची झोपेची वही: कधी झोपलात, कधी उठलात, चहा-कॉफी आणि दारू किती
• घरच्यांनी मोबाइलवर काढलेला हालचालींचा व्हिडिओ
• चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी
• शेजारी झोपणारी व्यक्ती, शक्य असेल तर

तोपर्यंत काय करावं?

सीपॅप बंद करू नका. झोप पूर्ण झाली नाही तरी श्वास अडकण्यापासून आणि ऑक्सिजन कमी होण्यापासून ते तुम्हाला वाचवतं. झोपेत मारणं-पडणं होत असेल, तर पलंगाजवळच्या काचेच्या आणि टोकदार वस्तू हलवा आणि गादी जमिनीवर घाला. आणि दिवसा डोळे मिटत असतील, तर कारण सापडेपर्यंत गाडीचं स्टिअरिंग किंवा स्कूटरचं हँडल दुसऱ्याच्या हाती द्या.

अ‍ॅपवरचा आकडा डॉक्टरांना जरूर दाखवा. पण सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, हेही सांगा. नसेल वाटत, तर तपास अजून पूर्ण झालेला नाही.