आचोळ्याचा चाकरमानी आणि संगणकाची नोकरी

आमच्या आचोळ्याचा तलाव अद्याप जागेवर आहे. भोंवतालचीं भाताचीं खाचरें मात्र राहिलीं नाहींत. तीस वर्षांपूर्वीं आम्हीं येथें बिऱ्हाड केलें तेव्हां पावसाळ्यांत खिडकींतून बेडकांचा आवाज येई. आतां पहाटे साडेपांचापासून रिक्षांचा येतो. त्या रिक्षा नालासोपाऱ्याच्या स्थानकाकडे धांवत असतात, आणि त्यांत बसलेल्या तरुण स्त्रीपुरुषांपैकीं पुष्कळांच्या गळ्यांत रंगीत फितीला अडकविलेलें ओळखपत्र असतें. अंधेरीचें सीप्झ, मालाड-गोरेगांवच्या कांचेच्या इमारती, लोअर परळचीं जुनीं गिरणी-आवारें आणि तिकडे ऐरोली, अशा ठिकाणीं हे लोक सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत कामाला जातात. बसावयास जागा मिळावी म्हणून त्यांतले कित्येक आधीं उलट दिशेनें विरारला जातात आणि त्याच गाडीनें आपल्याच स्थानकावरून पुनः मुंबईकडे निघतात.

या मार्गाच्या इतिहासाच्या तारखा हव्या असतील तर त्या मिळतात. विरारहून बॅकबेपर्यंतची पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ सालीं आली. बोरिवली-विरार दरम्यान चार रूळमार्ग २००७ सालीं पुरे झाले. परंतु त्या गाडींत उभ्या असलेल्या माणसास आपल्या नोकरींतलें काय आवडतें आणि काय खुपतें, हें कोणत्याहि दप्तरांत नोंदलेलें नसतें. इतिहास शिकविण्यांत आमची हयात गेली. राजांच्या आवडीनिवडी आम्हांस मुखोद्गत आहेत, आणि शेजाऱ्याच्या ठाऊक नाहींत, ही गोष्ट आम्हांस अलीकडे लाजिरवाणी वाटूं लागली. म्हणून गेलीं दोनतीन वर्षें आम्हीं आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस, वाटेंत भेटतील तसे, हाच एक प्रश्न विचारीत आलों. पुढील लेख त्या उत्तरांवरून व थोड्या वाचनावरून सुचला आहे.

ज्या भूमीवर हें चाललें आहे ती व्यापाराला नवखी नव्हे. आचोळ्याहून हांकेच्या अंतरावर सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला. नहपानाचा जांवई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यांतल्या लेखांत शूर्पारकाचें नांव येतें, आणि त्याच लेण्यांतल्या दुसऱ्या एका लेखांत आजच्या आमच्या विषयास उपयोगी अशी एक नोंद आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे उषवदातानें ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले. २,००० दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि १,००० शेंकडा पाऊण या दरानें. राजाचा जांवई आपला पैका विणकरांच्या संघाकडे अक्षय म्हणून ठेवतो, याचा अर्थ तो संघ आपल्या पश्चातहि टिकेल अशी त्याची खात्री होती. त्या काळीं ‘श्रेणी’ म्हणजे एका धंद्यांतल्या कारागिरांचा एकोपा. आज आमचा विद्यार्थी ‘श्रेणी’ म्हणतो तेव्हां त्याला वर्षाअखेर साहेबानें दिलेला दर्जा अभिप्रेत असतो. एका शब्दानें दोन हजार वर्षांत किती मजल मारली पाहा!

आतां मूळ विषयाकडे वळूं. महाराष्ट्रांत सॉफ्टवेअरच्या धंद्याचा आरंभ १९६८ सालीं टाटांनीं मुंबईंत काढलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसपासून धरावयास हरकत नाहीं. फकीरचंद कोहली यांनीं तिची उभारणी केली. पुढें १९७३ सालीं अंधेरीस सीप्झचें आवार निर्यातीसाठीं निघालें; १९७८ सालीं आयबीएम कंपनीनें हिंदुस्थान सोडला; त्याच वर्षीं पाटणी कंप्युटर सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. या पाटणी कंपनींतले सात जण बाहेर पडले आणि १९८१ च्या जुलैंत त्यांनीं पुण्यांत इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपयांचें, आणि तेंहि नारायण मूर्ति यांच्या पत्नी सुधा मूर्ति यांनीं साठविलेलें. दूरध्वनि मिळावयास वर्ष लागे आणि परदेशी संगणक आणण्याच्या परवान्यासाठीं दिल्लीच्या खेपा कराव्या लागत, हें मूर्तींनीं पुष्कळदां सांगितलें आहे. १९८३ सालीं कंपनीचें मुख्य ठाणें पुणें सोडून बंगळूरास गेलें. पुणेकरांस याची हळहळ अजून आहे, आणि आम्ही मुंबईकडचे त्यांस त्यावरून चिडवितों. असो.

लहान कंपनी वाढूं लागते तेव्हां तेथें राबणाऱ्यांस काय आवडतें, याचें उत्तर या आरंभकाळांतच सांपडतें. १९९० च्या हिवाळ्यांत इन्फोसिस विकत घेण्यास एक गिऱ्हाईक आलें होतें. दहा लक्ष डॉलरांची बोली होती. नऊ वर्षें कष्ट करून हातीं फारसें न लागलेल्या सहकाऱ्यांचा कल विकण्याकडे होता. मूर्तींनीं उलट त्यांचेच हिस्से आपण घेऊं असें सांगितलें, तेव्हां सगळेच थांबले. ज्यास आपण हातानें उभें केलें तें दुसऱ्याच्या हवालीं करतांना मनुष्य अडखळतो, हा अनुभव केवळ मालकांचा नव्हे. आमच्या एका विद्यार्थिनीनें तीस माणसांच्या कंपनींत नोकरी धरली होती. ती सांगते, “सर, पहिल्या वर्षीं मी प्रोग्रॅम लिहिला, तो तपासला, अमेरिकेच्या गिऱ्हाइकाशीं मीच बोललें आणि दिवाळीला मिठाईचे पुडेहि मीच बांधले. कोणतें काम माझें नव्हे, हें कोणी सांगितलेंच नाहीं.” ही तक्रार नव्हे, हें तिच्या मुद्रेवरून कळत होतें. चुकी झाली तर ती तासाभरांत दिसे. बरें झालें तर मालक स्वतः येऊन सांगे. चाळीस वर्षांच्या सरकारी नोकरींत आमच्या वडिलांस जें मिळालें नाहीं तें तिला पहिल्या सहा महिन्यांत मिळालें. आपल्या कामाचा मागमूस तिला डोळ्यांनीं दिसत होता.

दुसरी आवड पैशाची; आणि तींत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. इन्फोसिसचे भाग १९९३ सालीं बाजारांत आले व पुढल्याच वर्षापासून नोकरांस भाग देण्याची योजना निघाली. पगारी मनुष्य कंपनीचा भागीदार होऊं शकतो ही कल्पना आमच्या मध्यमवर्गास सर्वस्वीं नवी होती. पुण्यांत १९९० सालीं आनंद देशपांडे यांनीं पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली तीहि अशीच घरगुती बेताची होती; आज तिच्यांत हजारों लोक आहेत. मराठी माणसास धंदा जमत नाहीं या आमच्या लाडक्या विलापास तेवढाच एक छेद.

मग बिघडतें कोठें? आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून पाहतां, पगार, साहेब किंवा कामाचे तास यांच्याहि आधीं एक गोष्ट पुढें येते. ती म्हणजे वाढच. तीस माणसें असतांना जें बोलून होत असे, तें तीनशें झालीं कीं लिहून करावें लागतें, आणि तीन हजार झालीं कीं तें लिहिण्यासाठींच वेगळीं माणसें नेमावीं लागतात. याच विद्यार्थिनीच्या कंपनींत माणसें वाढून चारशें झालीं, तेव्हां तिच्यावर एक व्यवस्थापक आला आणि त्या व्यवस्थापकावर दुसरा. वर्षाअखेर मूल्यमापन सुरू झालें. त्यांत प्रत्येक गटांतल्या ठराविक लोकांस वरचा व ठराविक लोकांस खालचा दर्जा द्यावाच लागे. घंटेच्या आकाराची एक वक्ररेषा आधींच आंखलेली असे आणि माणसें तींत बसवावयाचीं. आम्ही परीक्षक म्हणून पस्तीस वर्षें गुण देत आहों; सबंध वर्ग हुशार निघाला तरी शेंकडा दहा नापास झालेच पाहिजेत असा नियम विद्यापीठानेंहि अद्याप काढलेला नाहीं. मायक्रोसॉफ्टनें ही रीत २०१३ सालीं मोडीत काढली. ती तोंवर आमच्याकडे चांगली रुजली होती.

त्यांत ‘बेंच’ म्हणून एक प्रकार आहे. हातीं गिऱ्हाइकाचें काम नसलेला मनुष्य बेंचवर आहे असें म्हणतात. शाळेंत शिक्षा म्हणून बांकावर उभें करीत, येथें बसवितात. आणि बसणाऱ्यास उभें राहण्याहून अधिक लाज वाटते. पूर्वीं मोठ्या कंपन्या ही फुरसत शिक्षणासाठीं उपयोगांत आणीत. २०२५ च्या जूनमध्यें टाटांच्या कंपनीनें वर्षांत ३५ दिवसांहून अधिक काळ कोणी असा रिकामा राहूं नये असा दंडक घातला, आणि जुलैंत सुमारें १२,००० लोक, म्हणजे एकूण नोकरांच्या शेंकडा दोन, कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या दर्जाचे लोक होते. ज्या घरांत ‘टाटांची नोकरी’ हे दोन शब्द पेन्शनच्या आदरानें उच्चारले जात, त्या घरांतला त्या आठवड्यांतला सन्नाटा आम्हीं स्वतः अनुभविला आहे.

आणि वेळ. आपला दिवस मावळतो तेव्हां अमेरिकेचा उगवतो, या भूगोलावर हा सारा धंदा उभा आहे. त्याचें देणें रात्रीं नऊनंतरच्या बैठकींनीं फेडावें लागतें. अंधेरीहून सातला सुटलेला मनुष्य साडेआठला आचोळ्यास पोंचतो आणि जेवणाचें ताट बाजूस सारून पुनः संगणक उघडतो. २०२३ च्या ऑक्टोबरांत नारायण मूर्तींनीं तरुणांनीं आठवड्यास ७० तास काम करावें असें म्हटलें, तेव्हां आमच्या मनांत आलें कीं प्रवासाचे तास यांत धरले आहेत कीं नाहींत? घरून काम करण्याची सोय २०२० च्या टाळेबंदीनें अकस्मात् मिळाली, तेव्हां आचोळ्याच्या लोकांस तिचें मोल इतरांहून अधिक कळलें. पुढें कंपन्यांनीं कचेऱ्यांत परत बोलाविलें, तेव्हां पगार कापल्याइतकें दुःख झालें. रोजचे चार तास हातांतून गेले, याला दुसरें काय म्हणावें?

तासांचा हा तंटा मुंबईस जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. आमच्या विद्यार्थ्यांस हें सांगितलें कीं ते हंसतात. त्यांस शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुटी असते. फक्त तिच्यावर दूरध्वनीचा ताबा असतो. ते स्वतःस कामगार म्हणवून घेत नाहींत. पुण्यांत व अन्यत्र त्यांच्या संघटना निघाल्या आहेत, परंतु त्यांत नांव घालणें म्हणजे आपल्या हुशारीवरचा विश्वास उडाल्याची कबुली, असें बहुतेकांस वाटतें. चांगले दिवस असतात तेव्हां राजीनामा हेंच त्यांचें हत्यार असतें. २०२२ च्या मध्यास इन्फोसिससारख्या कंपनींत वर्षाकांठीं सोडून जाणारांचें प्रमाण शेंकडा २८ वर गेलें होतें. तेजी ओसरली कीं हें हत्यार दुसऱ्याच्या हातीं जातें.

याच संबंधांत एका घरची हकीकत सांगतों. आमच्या इमारतींतले एक गृहस्थ लोअर परळच्या गिरणींत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांचा संप सुरू झाला त्यांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. त्यांतले हे एक. संप बुडाला, गिरणी बुडाली, आणि चाळींतली खोली विकून हे कुटुंब, इतर पुष्कळांप्रमाणें, रेल्वेच्या या टोंकाला आलें. मुलगा आमच्या महाविद्यालयांत शिकला आणि एका सॉफ्टवेअर कंपनींत लागला. कंपनीची कचेरी वडील जेथें काम करीत त्या गिरणीच्या शेजारच्या आवारांतच होती. पहिल्या पगाराच्या दिवशीं तो वडिलांस ती इमारत दाखवावयास घेऊन गेला. दरवानानें त्यांस आंत सोडलें नाहीं, पण बाहेरून पाहूनच ते समाधान पावले.

गेल्या वर्षीं या मुलास एका खोलींत बोलावून राजीनाम्याचा कागद पुढें ठेवण्यांत आला. स्वखुशीनें सोडल्यास तीन महिन्यांचा पगार व चांगलें प्रशस्तिपत्र. न सोडल्यास काय, तें तोंडीं सांगितलें, लिहून दिलें नाहीं. चौदा वर्षें झालीं होतीं. त्यानें एक दिवसाची मुदत मागितली व रात्रीं आमच्याकडे आला; मागोमाग त्याचे वडीलहि आले. “सही करूं नकोस,” म्हातारा म्हणाला. “बाबा, माझ्या बाजूनें उभें राहावयास तेथें कोणी नाहीं. तुमच्या वेळीं निदान अडीच लाख होते,” असें मुलानें सांगितलें. “होते,” वडील म्हणाले, “म्हणून काय झालें?” आणि मग दोघेहि आमच्याकडे पाहूं लागले. इतिहासाच्या अध्यापकाकडे अशा वेळीं कोणी कां यावें हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं तोंडीं झालेलें सगळें बोलणें तारीख-वेळेसह आजच लिहून काढ आणि मगच काय तें कर. त्यानें तें लिहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं सहीहि केली.

चार महिन्यांनीं त्याला वसईच्या एका औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत काम मिळालें. अठरा माणसांची कंपनी. पगार पूर्वीच्या दोनतृतीयांश. गाडीची दगदग मात्र नाहीं, दुचाकीनें जातो. परवां तलावाच्या कट्ट्यावर भेटला तेव्हां नवी जागा कशी आहे म्हणून विचारलें. कंपनीला मोठें काम मिळालें असून दिवाळीपर्यंत चाळीस माणसें घ्यावयाचीं आहेत, असें त्यानें सांगितलें. आनंदाची बातमी खरी, पण तो थोडा थांबला व म्हणाला, “सध्यां सगळ्यांचीं नांवें पाठ आहेत, सर.”