डोलकाठीचें झाड

इ. स. १७९८ च्या मे महिन्यांत फ्रेंचांचें मोठें आरमार तूलाँ बंदरांतून बाहेर पडण्याच्या तयारींत होतें. तें कोणीकडे जाणार, हें इंग्रजांस ठाऊक नव्हतें. त्यावर नजर ठेवण्यासाठीं नेल्सन आपलीं थोडीं जहाजें घेऊन भूमध्य समुद्रांत फिरत असतां २० तारखेच्या रात्रीं त्याच्या ‘व्हॅन्गार्ड’ जहाजास वादळानें गांठलें. मधल्या व मागच्या डोलकाठ्यांचे वरचे भाग एकामागून एक मोडून पडले, आणि पुढची डोलकाठी तर बुडापासून गेली. ज्या जहाजावर चौऱ्याहत्तर तोफा होत्या, तें एका रात्रींत लांकडाच्या ओंडक्यासारखें लाटांवर लोळूं लागलें. ‘अलेक्झांडर’ जहाजाचा कप्तान बॉल यानें दोर टाकून तें ओढण्यास आरंभ केला. सार्डिनियाचा खडकाळ किनारा जवळ येत चालला, तेव्हां दोन्ही जहाजें एकदम बुडूं नयेत म्हणून नेल्सननें दोर सोडून देण्यास फर्माविलें. बॉलनें तें ऐकलें नाहीं. या अवज्ञेमुळेंच नेल्सन वांचला, आणि पुढें दोघांची मैत्री जन्मभर टिकली.

सान पिएत्रो बेटाच्या आडोशास नांगर टाकून सुतारांनीं अवघ्या चार दिवसांत जवळच्या सुट्या काठ्यांची कामचलाऊ डोलकाठी उभी केली. हें काम मोठ्या शर्थीचें झालें खरें. पण जें नुकसान व्हावयाचें तें होऊन चुकलें होतें. टेहळणीचीं हलकीं जहाजें वादळांत पांगलीं होतीं. डोलकाठी मोडलेला नेल्सन आतां गोदी गांठल्यावांचून राहणार नाहीं, असा त्यांच्या कप्तानांनीं तर्क केला आणि तीं जिब्राल्टरकडे निघून गेलीं. तर्क अगदीं शहाणपणाचा होता. चूक एवढीच कीं, सुतार चार दिवसांत काय करूं शकतात हें त्यांनीं हिशेबांत धरलें नाहीं. त्यामुळें नेपोलियन इजिप्तकडे जात असतां त्याचा शोध करणाऱ्या नेल्सनपाशीं डोळेच उरले नव्हते. १ ऑगस्ट रोजीं नाईलच्या मुखाजवळ त्यानें फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडविला. परंतु त्यापूर्वीं महिनाभर फ्रेंच फौज इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरलेली होती.

डोलकाठी हा जहाजाचा एकच अवयव असा आहे कीं, तो सुताराला घडवितां येत नाहीं. तो झाडानेंच घडवून द्यावा लागतो. बाकीचें जहाज तुकड्यातुकड्यांनीं बांधतां येतें. फळी फुटली तर फळी बदलावी, फांसळी कुजली तर दुसरी बसवावी. त्यासाठीं वांकडें लांकूडही चालतें, किंबहुना वांकडेंच हवें असतें. डोलकाठीस मात्र सरळ, लांब, हलकें आणि वाऱ्याबरोबर किंचित् लवून पुन्हां ताठ होणारें लांकूड लागतें. त्यांत मोठी गांठ असेल तर पहिल्याच तुफानांत काठी त्या गांठीशीं तुटते. असें झाड एकटें माळावर वाढत नाहीं. दाट रानांत, प्रकाशासाठीं शेजाऱ्यांशीं चढाओढ करीत तें उंच जातें, आणि खालच्या फांद्या सावलींत वाळून लवकर गळतात म्हणूनच त्याच्या अंगांत गांठी थोड्या असतात. जाडीसंबंधीं इंग्रज कारागिरांचा आडाखा असा होता कीं, लांबीच्या दर वारास एक इंच व्यास असावा. म्हणजे छत्तीस वार लांबीच्या मुख्य डोलकाठीस छत्तीस इंच व्यासाचा बुंधा पाहिजे. इतकें वाढण्यास झाडाला माणसांच्या कित्येक पिढ्या लागतात. कोळ्याच्या लहानशा मचव्याची गोष्ट निराळी नव्हती. त्याला छत्तीस इंच नकोत, चार-पांच इंच पुरत. पण सरळपणांत सूट त्यालाही नव्हती.

इंग्लंडमध्यें ओक मुबलक होता. डोलकाठीजोगें झाड मात्र जवळजवळ नव्हतें. जें राष्ट्र समुद्रावर राज्य करूं पाहत होतें, त्याला आपल्या जहाजांचा कणा परक्यांच्या रानांतून आणावा लागे. बाल्टिक समुद्राकडून, रिगा बंदरांतून, नद्यांवर तरंगत आलेले पाईन वृक्ष येत. परंतु युद्धाच्या काळांत डेन्मार्कजवळची अरुंद सामुद्रधुनी कोणी अडविली कीं ते बंद. म्हणून सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांची दृष्टि अमेरिकेंतील न्यू इंग्लंडच्या पांढऱ्या पाईनकडे वळली. १६६६ च्या डिसेंबरांत डोलकाठ्या भरलेलीं चार जहाजें फॉलमथ बंदरास सुखरूप आल्याची वार्ता ऐकून आरमारखात्याचा चिटणीस सॅम्युएल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत मोठें समाधान नोंदविलें आहे. हीं लांकडें आलीं नसतीं तर केवळ त्यापायीं पुढील सालीं आपला बोजवारा उडाला असता, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे.

गरज एवढी मोठी झाली कीं तिच्या मागोमाग हुकूम येणें अपरिहार्य होतें. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेंत असें कलम आलें कीं, जमिनीपासून एक फुटावर चोवीस इंच किंवा त्याहून अधिक व्यासाचें, कोणा खासगी इसमास पूर्वीं न दिलेल्या जमिनीवरचें प्रत्येक झाड राजाचें. परवानगीवांचून तोडील त्यास दर झाडास शंभर पौंड दंड. राजाचे अंमलदार रानांत हिंडून अशा वृक्षांवर कुऱ्हाडीच्या तीन घावांनीं बाणाची खूण करीत. पुढें हे कायदे अधिकाधिक कडक होत गेले. १७२२ सालीं न्यू हॅम्पशरमध्यें ही मर्यादा बारा इंचांवर आणली गेली. बारा इंचांचा पाईन म्हणजे कांहीं लढाऊ जहाजाची मुख्य डोलकाठी नव्हे; तें घर बांधण्याचें, फळ्या पाडण्याचें लांकूड. आतां शेतकऱ्याला रान साफ करावयाचें तर सरकारची फी आधीं, कुऱ्हाड नंतर. लोकांनीं कायदा मोडला, हें सांगावयास नकोच. तिकडच्या जुन्या घरांतील तक्तपोशीच्या फळ्या तेवीस इंच रुंद असत, चोवीस कधींच नसत, असें तेथें गमतीनें सांगतात.

१७७२ च्या एप्रिलांत न्यू हॅम्पशरमधील वेअर नांवाच्या गांवीं हें प्रकरण हातघाईवर आलें. खूण केलेलीं झाडें कापल्याबद्दल एका गिरणीवाल्यास पकडण्यासाठीं शेरीफ आला होता. सकाळीं जामीन देतों असें सांगून त्या गिरणीवाल्यानें रात्र मागून घेतली. उजाडतां उजाडतां तोंडास काजळी फांसलेले वीसएक गांवकरी खाणावळींत शिरले आणि शेरीफला त्यांनीं छड्यांनीं झोडपलें. दर झाडामागें एक फटका, असा त्यांचा हिशेब होता असें म्हणतात. मग त्याच्या घोड्याचे कान व शेपटी कापून त्याला गांवाबाहेर घालविलें. बिचाऱ्या घोड्याचा या तंट्याशीं कांहीं संबंध नव्हता. खटला झाला, आठ जणांस वीस-वीस शिलिंग दंड झाला. न्यायासनावर बसणाऱ्यांचें मन कोणीकडे होतें, हें त्या आंकड्यावरूनच दिसतें. तीन वर्षांनीं अमेरिकेंत लढाई पेटली आणि इंग्लंडला येणाऱ्या डोलकाठ्या बंद झाल्या. जॉर्ज वॉशिंग्टननें समुद्रावर पाठविलेल्या पहिल्या जहाजांच्या निशाणावर चित्र होतें तें पाईनच्या झाडाचें.

ज्या पिढींत लंडनला हे कायदे होत होते, त्याच पिढींत सह्याद्रीच्या अलीकडे हाच प्रश्न मराठ्यांच्या राज्यापुढें होता. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या लागत. गलबतें त्यांहून लहान, तरी त्यांनाही सरळ सोट लागेच. दर पावसाळ्यांत दर्या बंद, आणि दर मोहिमेंत कांहीं ना कांहीं मोडावयाचेंच. कोंकणांत किनाऱ्यालगत उंडी पुष्कळ, पण ती वांकडी. तिचें तेल दिव्याला कामाचें, लांकूड डोलकाठीला नव्हे. तिचाच भाऊबंद पून मात्र कारवारकडील सदाहरित रानांत सरळ उंच वाढतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर डोलकाठ्यांसाठीं त्याची ख्याति होती. सागवान उत्तम खरा, पण जड. आणि मोठा सागवान मलबारकडून विकत येई.

शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीपासून राज्याची सेवा केलेले रामचंद्रपंत अमात्य यांनीं १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या नांवें ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलें. त्यांत आरमाराच्या प्रकरणीं या लांकडाचा विचार आला आहे. पुष्कळदां हा मजकूर शिवाजी महाराजांच्या स्वतःच्या पत्रांतला म्हणून सांगण्यांत येतो. धोरण त्यांचें असेल, लेखणी अमात्यांची आहे. अमात्य आरमाराला राज्याचें स्वतंत्र अंग मानतात. तेव्हां त्यांना या गरजेची जाणीव कमी होती असें कोणी म्हणूं नये. तख्ते, सोट, डोलाच्या काठ्या यांसाठीं थोर लांकूड पाहिजे, हें ते आरंभींच मान्य करतात. राज्यांत सागवानादि जें अनुकूल असेल तें हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंबा, फणस हीं लांकडेंही आरमाराच्या उपयोगाचीं, पण त्यांस हात लावूं देऊं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. आणि प्रजेला पीडा दिल्याचा दोष धन्याच्या पदरीं येतो.

आंब्याची डोलकाठी होत नाहीं, हें येथें लक्षांत ठेवावें. आंबा-फणस वर्ज्य केल्यानें आरमाराचें नुकसान झालें तें फळ्यांचें. काठीचा प्रश्न सागवानावर आणि खरेदीवर पडला. म्हणजे रयतेच्या परसांतली फळी वांचविण्यासाठीं सरकारनें खजिन्यांतून पैसा मोजावयाचा होता. हें धोरण प्रत्येक मोहिमेच्या घाईंत प्रत्येक अंमलदारानें पाळलें असेल असें मानणें भाबडेपणाचें होईल. ज्या गोष्टीची मनाई इतक्या कळकळीनें लिहावी लागते, ती कोठेंतरी घडत असलीच पाहिजे. तथापि हुकूम कोणत्या बाजूचा होता, हें निर्विवाद आहे. न्यू हॅम्पशरमध्यें अंमलदार झाडापाशीं जाई आणि त्यावर बाण कोरी. आज्ञापत्राप्रमाणें त्याला आधीं झाडाच्या मालकाच्या दारीं जावें लागे. एखादें झाड फारच जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर मालकास राजी करावें, द्रव्य द्यावें, त्याचा संतोष झाला असें पाहावें, आणि मगच कुऱ्हाड घालावी.