कोर्लईचे देऊळ आणि घरची भाषा

बडोद्याच्या हरणीत काय किंवा दांडिया बाजारात काय, मराठी घरातले मूल आजीशी मराठी बोलते आणि दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी गुजराती. तिसऱ्या पिढीला आजीच्याही वाक्यात गुजराती शब्द शिरतात आणि मग घरातली वडीलधारी माणसे काळजीत पडतात. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या सर्वच मराठी कुटुंबांची ही नित्याची काळजी. कोकणात एक गाव असे आहे, की तिथल्या काही घरांनी हीच काळजी पावणेतीनशेहून अधिक वर्षे वाहिली. फरक एवढाच, की त्यांच्या उंबऱ्याबाहेरची भाषा आपली मराठी आहे.

हे गाव म्हणजे रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातले कोर्लई. कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी एक डोंगर समुद्रात घुसला आहे. त्याच्या माथ्यावर किल्ला, पायथ्याशी वस्ती आणि वस्तीत माउंट कार्मेल मातेचे कॅथलिक देऊळ. खाडीपलीकडे रेवदंडा. पोर्तुगीजांचे चौल ते हेच. निजामशहाच्या परवानगीने १५२१ नंतर त्यांनी तिथे कोट उभारला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने घातलेला वेढा त्या कोटाने परतवला. पुढे बुऱ्हाण निजामशहाने समोरचा कोर्लईचा डोंगर बळकट करायला घेतला, तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तोही जिंकून घेतला. किल्ल्यावर त्यांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण छप्पर नाही. आज गावाची प्रार्थना होते ती खालच्या देवळात.

या देवळाभोवती जमलेली माणसे मूळची इथलीच. ती ख्रिस्ती झाली, कोटाच्या आश्रयाने राहिली आणि कोटातली बोली त्यांची घरची बोली झाली. मग वसईची मोहीम झाली. १७३९ मध्ये वसई पडली. चिमाजी अप्पांनी सुभानराव माणकरांना कोर्लईकडे धाडले आणि १७४० मध्ये चौल व कोर्लई दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. बुरुजांची नावे बदलली. सां दियेगोचा पुसाटी बुरूज झाला, सां फ्रांसिस्कोचा गणेश बुरूज. फिरंगी अधिकारी आणि धनिक निघून गेले. गरीब ख्रिस्ती रयत मात्र राहिली. ती जाणार तरी कुठे?

त्याच दशकात, १७३४ मध्ये, दमाजी गायकवाडांनी बडोदे कायमचे हाती घेतले. मराठी सत्तेच्या एकाच लाटेने आपल्या पूर्वजांना गुजरातीच्या मुलखात नेऊन वसवले आणि कोर्लईच्या ख्रिस्त्यांना मराठीच्या मुलखात एकाकी केले. आपल्या मागे पुढची दोन शतके गायकवाडांचे राज्य होते. त्यांच्या मागे राज्य उरले नाही. उरले फक्त देऊळ.

या देवळाने दोन कामे केली. एक म्हणजे, हिंदू शेजाऱ्यांशी जातीमुळे आणि मुसलमान शेजाऱ्यांशी धर्मामुळे रोटीबेटी होत नसताना, या लोकांना आपापसात लग्ने लावायला, पोरांना नावे ठेवायला आणि मेलेल्यांना पुरायला एक जागा दिली. दुसरे, पोर्तुगीज जाणणारा पाद्री त्यांच्यात येत राहिला. बाहेरच्या पोर्तुगीज जगाशी त्यांचा तेवढाच धागा होता.

बोली टिकली, पण जशीच्या तशी नव्हे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते आपल्या 'मी पाणी पितो' या वाक्यासारखे शेवटी जाऊन बसले. शब्द बहुतांशी फिरंगी, पण वाक्याची ठेवण मराठी! ती बोलणारे मात्र तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. उत्तर कोकणातल्या अशा बोलींवर गोव्याचे धर्मगुरू व भाषापंडित सेबास्तियाव रोदोल्फो दलगादो यांनी १९०६ मध्ये लिहिले. पुढे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईत राहून अभ्यास केला आणि १९९६ मध्ये या एका बोलीवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे उरले आहेत हजाराच्या आसपास.

खरी परीक्षा राज्य गेल्यावर झाली नाही, ती फार उशिरा आली. १९६०च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर लोकभाषांत मिस्सा होऊ लागली. कोर्लईच्या देवळात लोकभाषा म्हणून आली ती मराठी. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. लोकांना मराठी कळत होती, प्रार्थनेची पुस्तके मराठीत होती. पण 'आमची भाषा' वेदीपर्यंत पोचलीच नाही. शाळाही मराठी. मग रेवदंडा-साळावचा पूल झाला, नोकरीधंद्यासाठी जाणेयेणे वाढले आणि काही आईबाप मुलांशी घरातही मराठी बोलू लागले. मुलाचे शाळेत अडू नये, एवढीच त्यामागची इच्छा.

हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? आपल्याच घरी! फक्त भाषांची नावे वेगळी.

मराठीत उसने शब्द आले म्हणून ती बुडेल, हे भय कोर्लईकडे पाहिले की निम्मे ओसरते. चावी, पगार, बटाटा, घमेले हे शब्द आपणही फिरंग्यांकडूनच घेतले. कोर्लईकरांनी तर वाक्याचा सांगाडाच आपल्याकडून घेतला, तरी त्यांची भाषा त्यांचीच राहिली. ती धोक्यात आली ती आईने पोराशी बोलायचे थांबवले तेव्हा. दगडामातीचे देऊळ माणसे एकत्र आणते. एकत्र आल्यावर कोणत्या भाषेत बोलायचे, हे देऊळ ठरवू शकत नाही.

रेवदंड्याकडे कधी जाणे झाले, तर पूल ओलांडून कोर्लईला जावे. देवळाच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या बोलत असतील, तर क्षणभर कान द्यावा. त्या आपल्याला पाहून चटकन मराठीत बोलू लागतील. त्यांना सांगावे, थांबू नका, तुमचे चालू द्या.